हातचा

फैजपूरला केळीच्या काट्यावर
मी दिवसभर आकडे ओरडतो,
अठरा चारशे, वीस शंभर, एकवीसला पन्नास कमी.
आणि घरी माझी हेमांगी
सहा उलटा करून नऊ लिहिते,
नऊला आडवा पाडून म्हणते, झोपलाय.
बेचा पाढा बे चोक आठपाशी बसतो
रस्त्यात बैल बसावा तसा.

बाई म्हणाल्या, घरी घ्या जरा.
मी घेतलं. म्हणजे ओरडलो.
त्याच रात्री तिला फिट आली.
जळगावचे डॉक्टर म्हणाले, ह्याचा त्याच्याशी संबंध नाही.
कागदावर नसेल.
तेव्हापासून मी घरात वजाबाकी
हळू आवाजात करतो.

रविवारी ओट्यावर बसतो आम्ही दोघं.
मध्ये एक घड, डाग पडला म्हणून
गाडीत न चढलेला.
मोज फण्या. नऊ.
ह्या फणीत किती? चौदा.
आणि ह्या? तेराच.
"मंग पाढा कसा जमंल, बाबा?
सारख्या कुठं हायेत?"
मी बघत राहिलो.
सारख्या फण्या फक्त पुस्तकातल्या झाडाला लागतात,
हे मला काट्यावर रोज दिसतं
आणि कधी सुचलं नव्हतं.
मग आम्ही पाढा सोडला, नुसती बेरीज केली,
एकशे अठरापर्यंत गेलो, तेवढ्यात
तिनं दोन खाल्ली,
आणि आतून वांगी भाजता भाजता तिची आई ओरडली,
"जेवणाआधी पुरे!"
म्हणून हिशेब तिथंच राहिला.

खरं अडलं ते हातच्यापाशी.
आठ नि सात पंधरा,
पंधराचे पाच, हातचा एक.
"कोणाच्या हातचा?"
इतकी वर्षं हातचा धरतोय मी,
कोणाच्या, ते विचारलं नाही कधी.
कोनाड्यातला एक चिंचोका काढला,
तिच्या मुठीत दिला.
तुझ्या. धरून ठेव. पुढच्या घराला लागंल.
गोळ्यांनी तिचा हात जरा थरथरतो.
चिंचोका आत हलत राहिला, पडला नाही.
त्या दिवशी चार बेरजा झाल्या, दोन चुकल्या,
आणि ती चिंचोका घेऊनच झोपली.

अपूर्णांक मात्र मला शिकवावे लागले नाहीत.
सकाळी अर्धी, रात्री एक.
गोळीवर मधोमध रेघ असते,
तिथं दाबलं की तुटते, थोडी पूड सांडते.
अर्धी म्हणजे काय
हे पोर जिभेनं शिकलंय. कडू.

एका बुधवारी, रात्रीची गोळी झाल्यावर,
तिनं पाकीट पाटावर रिकामं केलं.
चार अख्ख्या, एक अर्धी.
एक अख्खी मोडली, तिचे दोन तुकडे.
मग तीन ढिगल्या:
गुरुवार. शुक्रवार. शनिवार.
चौथ्या जागी बोट ठेवून बसली.
"रविवारी काय खाऊ?"
डब्यात आणखी पाकीट आहे, मी म्हणालो.
उघडलं तर नुसता कागद, चुरगळलेला.
रविवारी मेडिकल बंद असतं.
एक दिवसही चुकवू नका, डॉक्टरांनी बजावलेलं.
बारा तास आकडे ओरडणाऱ्या माणसाच्या घरात
हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.
मी तिला शाबास म्हणालो नाही, आवाज फुटेना.
ती ढिगल्या परत पाकिटात भरत होती,
अर्ध्या वेगळ्या, अख्ख्या वेगळ्या.

काल चाचणीचा कागद आणला.
वीसपैकी सात.
सगळे नऊ अजून झोपलेलेच.
माझ्या कपाळाची शीर उठली असणार,
कारण ती थोडी मागं सरकली,
कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
आणि विचारलं,
"बाकीचे तेरा बाईंनी कुठं ठेवले?"

बोटं न मोजता. तेरा.

"असतील," मी म्हणालो, "हातचे."
तिनं मूठ उघडून पाहिली.